मोटारदुरुस्तीचे अंदाजपत्रक : एका अविश्वासाचा इतिहास



वसंतातल्या ह्या व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावयाचे म्हणजे राज्यांचा, लढायांचा, नाहीतर थोरामोठ्यांच्या चरित्रांचा इतिहास सांगावयाचा, असा संकेत आहे. आम्ही आज एका साध्या कागदाचा इतिहास सांगणार आहोत. मोटारकंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये गाडी नेली म्हणजे तेथला माणूस गाडीभोवती एक फेरी मारतो, संगणकावर बोटे चालवितो आणि एक छापील कागद आपल्या हाती देतो. शुद्ध मराठीत त्याला अंदाजपत्रक म्हणतात. सगळे जग त्याला एस्टिमेट म्हणते. त्यावरचा आकडा वाचून माणसाच्या पोटात गोळा येतो आणि मनात एकच प्रश्न उभा राहतो : हा माणूस खरे सांगतो आहे, की आपल्याला लुबाडतो आहे?

हा प्रश्न आमच्यापुढे पुस्तकातून आला नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या युनियनचा एक सभासद, टॅक्सी चालविणारा, असा कागद घेऊन कचेरीत आला. गाडी कर्जाची, हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला. क्लच घसरू लागला म्हणून त्याने गाडी वर्कशॉपात नेली होती. कागदावर आकडा होता अठ्ठावन्न हजारांचा. क्लचचा संपूर्ण संच, फ्लायव्हील, पुढचे दोन्ही लोअर आर्म, स्टिअरिंगची रॅक, इंजिन फ्लश, एसीचे निर्जंतुकीकरण, व्हील अलाइनमेंट, अशा ओळी एकाखाली एक छापल्या होत्या. तो म्हणाला, "भाऊ, तुम्ही मॅनेजमेंटचे कागद वाचता. हा वाचून सांगा, खरा आहे का?" गाडी उभी राहिली तर रोजची कमाई बुडणार आणि हप्ता चुकणार, दुरुस्ती करावी तर घरातले सोने गहाण पडणार. आयुष्यभर आम्ही मालकांचे ताळेबंद वाचीत आलो. तो कागद मात्र आम्हांला वाचता आला नाही. "विचार करून सांगतो," एवढेच आम्ही म्हणालो, आणि त्या लाजेपोटी ह्या विषयाच्या मागे लागलो.

जे हाती लागले त्यावरून आमचे एक मत बनले आहे. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा इतिहास कशासाठी सांगत आहोत हे ध्यानात राहील. एस्टिमेटवर विश्वास ठेवावा की नाही हे ठरविताना आपण समोरच्या माणसाचा चेहरा पाहतो, बोलणे पाहतो, त्याच्या दुकानाची पाटी पाहतो. पाहावयास हवा तो त्याचा पगार. जो दोष शोधतो त्याचे पोट सापडलेल्या दोषांवर चालत असेल, तर दोष सापडत राहतात; माणूस सज्जन असला तरी सापडतात.

मोटार जन्मली युरोपात, पण सामान्य माणसाच्या दारात ती प्रथम उभी राहिली अमेरिकेत. त्यामुळे ह्या भांडणाचे जुने दाखलेही बहुतेक तिकडचेच आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटार हे श्रीमंतांचे वाहन होते, आणि ती हाकण्यासाठी व सांभाळण्यासाठी शोफर ठेवावा लागे. शोफर हा शब्द मूळ फ्रेंच. त्याचा अर्थ भट्टी पेटविणारा, आपल्या रेल्वेतला आगवाला. जुन्या धन्याला घोड्याची पारख असे; घोडा खरोखर लंगडतो की कोचमन थाप मारतो हे त्याला कळे. इंजिन मात्र त्याला अगदी परके होते. शोफर सांगेल तो बिघाड आणि गॅरेजवाला लावील ती किंमत, अशी स्थिती झाली. मोठ्या शहरांतले शोफर टायर, पेट्रोल आणि दुरुस्ती ह्यांच्या बिलावर गॅरेजकडून कमिशन घेऊ लागले. जो गॅरेजवाला कमिशन नाकारी त्याच्याकडची गाडी दुसरीकडे जाई.

त्या काळच्या वर्तमानपत्रांतून आणि मोटारविषयक मासिकांतून 'शोफरचा प्रश्न' म्हणून त्यावर पुष्कळ लिहिले गेले. धनिकांची तक्रार अशी, की हा माणूस हलक्या कुळीचा, उर्मट आणि चोर आहे. आम्ही कामगार चळवळीतले. ती तक्रार वाचताना आम्हांला थोडे हसू आले. तरीही आपल्या वर्गाचा अभिमान बाजूला ठेवून पाहिले तर तीत तथ्य होते. शोफर पगार एकाचा घेत होता आणि कमिशन दुसऱ्याचे. अशा वेळी त्याच्या तोंडून निघालेला 'बिघाड' हा शब्द कोणाच्या बाजूचा, हे ठरविणे अशक्य होते. इंग्लंडात १९०६ साली भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा झाला. तो काही केवळ शोफरांसाठी नव्हता. पण नोकराने धन्याच्या पाठीमागे लाचेसारखे कमिशन घेणे हा त्याने गुन्हा ठरविला. रोग कोठे आहे हे त्या काळच्या लोकांना कळले होते, असे ह्यावरून म्हणता येईल.

पुढे शोफर मागे पडला. फोर्ड कंपनीची 'मॉडेल टी' गाडी १९०८ साली बाजारात आली तेव्हा तिची किंमत ८५० डॉलरांच्या आसपास होती. १९१३ साली हायलंड पार्कच्या कारखान्यात सरत्या साखळीवर गाड्या जोडण्याची पद्धत सुरू झाली आणि १९२५ च्या सुमारास तीच गाडी ३०० डॉलरांच्या आत मिळू लागली. १९२७ साली तिचे उत्पादन थांबले, तोवर दीड कोटी गाड्या बाहेर पडल्या होत्या. आता शेतकरी, शाळामास्तर, कारागीर स्वतःच गाडी हाकू लागले. गावोगावचे लोहार आणि सायकलदुरुस्त करणारे मेकॅनिक झाले. ते बिल करीत तासांवर. गिऱ्हाईकाला शंका येई की हा मुद्दाम हळू काम करतो आहे, आणि काम संपेपर्यंत किती पैसे होतील हे कोणालाच सांगता येत नसे.

ह्यावर फोर्डने कारखान्याचाच उपाय विक्रेत्यांच्या वर्कशॉपात नेला. प्रत्येक दुरुस्तीला किती वेळ लागतो हे घड्याळ लावून मोजले आणि कामागणिक वेळ आणि दर ठरविले. व्हॉल्व्ह घासणे इतके, ब्रेकचे पट्टे बदलणे इतके; काम लवकर होवो की उशिरा, गिऱ्हाईकाने छापील दर द्यावयाचा. ह्या पद्धतीला 'फ्लॅट रेट' असे नाव पडले. आज आपल्या हाती येणाऱ्या एस्टिमेटातला मजुरीचा रकाना हा त्याच कोष्टकाचा नातू आहे. गिऱ्हाईकाचा त्यात फायदा होता, हे मान्य केले पाहिजे. काम सुरू होण्याआधी किंमत कळू लागली, ही लहान गोष्ट नव्हे.

पण त्याच कोष्टकाला पुष्कळ ठिकाणी मेकॅनिकची मजुरीही बांधली गेली, आणि अमेरिकेतल्या विक्रेत्यांच्या वर्कशॉपांत ही पद्धत आजही रूढ आहे. पुस्तकात कामाला दोन तास लिहिले असतील तर मेकॅनिकला दोन तासांची मजुरी मिळते. त्याने ते दीड तासात उरकले तर अर्धा तास त्याच्या पदरात. गंजलेला बोल्ट तुटला आणि तीन तास लागले तर एक तास त्याच्या अंगावर. आणि बिघाड कोठे आहे हे शोधण्यात गेलेला वेळ तर अनेकदा धड मोजलाच जात नाही. म्हणजे विचार करण्याचे पैसे थोडे, भाग बदलण्याचे पैसे पुष्कळ. ज्या माणसाने कान लावून इंजिन ऐकावे त्याला आपण सांगतो, की ऐकत बसशील तर उपाशी राहशील.

गिरणगावातल्या श्रोत्यांना ही पद्धत नवी वाटणार नाही. आपण तिला अंगावरचे काम म्हणतो. मुंबईच्या गिरण्यांत विणकराला कापडाच्या हिशेबाने मजुरी मिळे, आणि १९२८ च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपात व नंतर फॉसेट समितीपुढे दरांच्या प्रमाणीकरणावरच मोठा वाद झाला. पण गिरणी आणि वर्कशॉप ह्यांत एक फरक आहे, आणि आमच्या मते सगळे मर्म त्या फरकात आहे. विणकराने विणलेले कापड वाराने मोजता येते. मालक मोजतो, कामगार मोजतो, दोघांचा आकडा जुळतो. शिवाय जगाला किती कापड लागते हे विणकर ठरवीत नाही. वर्कशॉपात मात्र किती काम आवश्यक आहे हे काम विकणाराच ठरवितो. तेथे अंगावरचे काम दिले की मागणीही अंगावरच्या माणसाच्या हाती जाते.

ह्याचा पहिला मोठा हिशेब १९४१ साली लागला. 'रीडर्स डायजेस्ट' ह्या मासिकासाठी रॉजर रीस आणि जॉन पॅट्रिक ह्यांनी एक पाहणी केली. एक गाडी घेतली, तिच्या कॉइलची एक तार मुद्दाम सोडून ठेवली, आणि अमेरिकेतल्या त्या वेळच्या ४८ संस्थानांत फिरून ३४७ गॅरेजांपुढे ती उभी केली. दोष उघड्या डोळ्यांना दिसणारा. तार जोडली की काम झाले. शेकडा ६३ गॅरेजांनी वाजवीहून अधिक पैसे घेतले, नको ती कामे काढली, किंवा न केलेल्या कामाचे पैसे लावले. उरलेल्यांनी तार जोडून दिली; काहींनी पैसेही घेतले नाहीत. लेख प्रसिद्ध होताच मेकॅनिकांच्या सबंध जातीवर चोरीचा शिक्का बसला.

परंतु त्याच पाहणीचा दुसरा भाग लोक सहसा सांगत नाहीत. हीच परीक्षा रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांची आणि घड्याळजींचीही घेण्यात आली. रेडिओवाल्यांत शेकडा ६४ आणि घड्याळजींत शेकडा ४९ दुकाने तशीच निघाली. आता घड्याळजी म्हणजे स्वच्छ कपड्यांतला, डोळ्याला भिंग लावून बसणारा माणूस. त्याला कोणी हलक्या कुळीचा म्हणत नसे. तीन धंदे, तीन प्रकारची माणसे. पण एक गोष्ट तिघांत समान होती. गिऱ्हाईकाला आतले काही कळत नाही हे दुकानदाराला ठाऊक होते. चोरी हातांच्या काळेपणात नसते, हे ह्या आकड्यांनी सिद्ध केले असे आम्ही समजतो.

विद्वानांचे लक्ष इकडे पुढे तीस वर्षांनी गेले. १९७० साली जॉर्ज अकरलॉफ ह्यांनी जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. विकणाऱ्याला दोष ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात चांगला माल हळूहळू बाहेर फेकला जातो, असे त्यांनी दाखविले. २००१ साली त्यांना अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आमच्या विषयाला त्याहून जवळचा निबंध १९७३ चा. तो मायकेल डार्बी आणि एडी कार्नी ह्यांचा. त्यांचे म्हणणे आमच्या भाषेत असे मांडता येईल. काही वस्तूंचा गुण विकत घेण्याआधी दिसतो. भाजी हातात घेऊन कळते. काहींचा वापरल्यावर कळतो. डाळ शिजली की कळते. पण काही गोष्टी अशा आहेत, की पैसे देऊन, वापरूनही त्यांची गरज होती की नव्हती हे कळत नाही. मोटारदुरुस्ती ही ह्या तिसऱ्या जातीची. नवी रॅक बसविली आणि गाडी नीट चालू लागली. पण जुनी रॅक तशीच ठेवली असती तरी ती नीट चालली असती का? हे गिऱ्हाईकाला कधीच समजत नाही. म्हणून 'एकदा फसलो, पुढच्या वेळी शहाणा होईन' हा बाजारातला नेहमीचा उपाय येथे चालत नाही. फसलो हेच माणसाला कळत नाही.

वैद्यकात ही अडचण फार जुनी आहे. तेराव्या शतकात सिसिलीचा राजा दुसरा फ्रेडरिक ह्याने वैद्यांनी औषधविक्रेत्यांशी भागीदारी करू नये असा हुकूम काढला. जो रोग सांगतो त्याने औषध विकू नये, हा त्यातला विचार. मोटारीच्या बाबतीत इतका स्वच्छ विचार करावयास विसावे शतक पुरे पडले नाही. तरी एक पाऊल कॅलिफोर्निया संस्थानाने टाकले. तेथे १९७१ साली मोटारदुरुस्तीचा कायदा झाला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी एक खाते उभे राहिले. प्रत्येक दुरुस्तीगृहाने नाव नोंदवावे. काम सुरू करण्याआधी लेखी एस्टिमेट द्यावे. गिऱ्हाईकाच्या संमतीवाचून त्या आकड्याच्या पुढे जाऊ नये. भाग नवा, जुना की दुरुस्त केलेला हे बिलावर लिहावे. आणि गिऱ्हाईकाने आधी मागितले असतील तर काढलेले जुने भाग परत द्यावेत. जो कागद पाहून आपल्या पोटात गोळा येतो तो मुळात आपल्या रक्षणासाठी मागितला गेला होता, हे विसरू नये.

तरीही वीस वर्षांनी त्याच कॅलिफोर्नियात मोठा गाजावाजा झाला. सीअर्स ही अमेरिकेतली जुनी नामवंत कंपनी. तिचा मालाचा जाडजूड कॅटलॉग शेतकऱ्यांच्या घराघरांत असे. तिच्या मोटारदुरुस्तीच्या शाखा देशभर होत्या आणि लोक तेथे विश्वासाने जात. धंद्यातली चढाओढ वाढली, नफा घटला, तेव्हा १९९० च्या सुमारास व्यवस्थापनाने पगाराची रीत बदलली. मेकॅनिकांना कामाचा कोटा लावला आणि अधिक कामाला प्रोत्साहनपर मोबदला ठेवला. गिऱ्हाईकाशी बोलणाऱ्या सल्लागारांना विक्रीवर कमिशन दिले, आणि ठरावीक वेळात अमुक इतकी ब्रेकची कामे, अमुक इतक्या अलाइनमेंट झाल्याच पाहिजेत असे बंधन घातले. कोटा पुरा न करणाऱ्याचे कामाचे तास कमी होत किंवा त्याची बदली होई.

तक्रारी वाढल्या तसे सरकारी खात्याने साध्या वेषातली माणसे पाठविली. त्यांच्या गाड्यांत काय बिघडले आहे आणि काय धड आहे हे आधीच तपासून ठेवलेले होते. दहांपैकी जवळजवळ नऊ खेपांना सीअर्सच्या सल्लागारांनी नको असलेली कामे सुचविली. जादा भुर्दंड सरासरी दोनशे डॉलरांच्या वर गेला. जून १९९२ मध्ये खात्याने कॅलिफोर्नियातल्या सीअर्सच्या सर्व ७२ दुरुस्तीगृहांचे परवाने रद्द करण्याची कारवाई सुरू केली. कंपनीने प्रथम आरोप नाकारले. परंतु त्याच महिन्यात तिचे अध्यक्ष एडवर्ड ब्रेनन ह्यांनी आपल्या मोबदल्याच्या आणि उद्दिष्टांच्या पद्धतीमुळे चुका घडतील असे वातावरण निर्माण झाले, हे मान्य केले आणि सल्लागारांचे कमिशन बंद केले. पुढे तडजोड झाली. देशभरातल्या नऊ लाखांहून अधिक गिऱ्हाइकांना प्रत्येकी ५० डॉलरांची कूपने देऊ करण्यात आली.

ह्या प्रकरणाकडे आम्ही पुन्हा पुन्हा वळतो, कारण त्यात माणसे तीच होती. पगाराची रीत बदलण्याआधी जो सल्लागार साधारण खरे सांगत होता, तोच ती बदलल्यावर खोटे सांगू लागला. नवे चोर कोणी भरती केले नव्हते. आणि कायदाही होता, लेखी एस्टिमेटही होते. कागद बिनचूक होता. त्याच्या मागचा पगार खोटा होता.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईच्या रस्त्यावर मोटार १८९८ साली आली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली पद्मिनी ही आमच्या पिढीची टॅक्सी; मुंबईतली शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. पद्मिनीचे पोट उघडे होते. नाक्यावरचा मेकॅनिक स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून इंजिन ऐके, आणि चालकही शेजारी वाकून पाही. दोघांचे ज्ञान फारसे वेगळे नव्हते, म्हणून भांडण झाले तरी बरोबरीचे होई. नव्या गाड्यांत संगणक आला. बिघाड वाचावयास स्कॅनर लागतो, आणि तो स्कॅनर, ती माहितीपुस्तके, अस्सल सुटे भाग कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपाबाहेर सहज मिळेनासे झाले. धनिक आणि शोफर ह्यांच्यात जी दरी होती तीच दरी आता चालक आणि वर्कशॉप ह्यांच्यात पडली.

ह्याविरुद्ध २०११ साली एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे दाद मागितली. आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटारकंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, आणि सुटे भाग व दुरुस्तीची साधने स्वतंत्र गॅरेजांना उपलब्ध करून देण्याचा आदेश दिला. त्यावर अपिले झाली. २०१६ साली तीन कंपन्यांच्या अपिलात अपील न्यायाधिकरणाने दंडाचा हिशेब बदलला, पण दोषाचा निष्कर्ष कायम ठेवला. ग्राहकाने संघटित व्हावे हा विचार तर महाराष्ट्राला नवा नाही. बिंदुमाधव जोशी ह्यांनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली ती १९७४ साली, देशात ग्राहक संरक्षण कायदा होण्याच्या बारा वर्षे आधी.

आता त्या टॅक्सीचालकाची हकीकत पुरी करतो. आम्ही त्याला घेऊन दुसऱ्या एका जाणत्या मेकॅनिककडे गेलो आणि एक अट घातली : तपासणीचे पैसे आत्ताच घे, पण काम तुला मिळणार नाही. हे ऐकून तो प्रथम रागावला आणि मग हसला. त्याने गाडी वर घेऊन तासभर पाहिली. क्लच खरोखर संपला होता. वर्कशॉपने त्या बाबतीत खरे सांगितले होते. एका बाजूचा लोअर आर्म गेला होता, दुसरा ठीक होता. रॅकला काही झाले नव्हते. टाय रॉडचा एंड सैल होता. फ्लायव्हील क्लच उघडल्यावर पाहावयाचे, आधी सांगता येणार नाही, असे तो म्हणाला. इंजिन फ्लशची ओळ त्याने काही न बोलता खोडली. शेवटी काम एकवीस हजारांत झाले. फ्लायव्हील जुनेच राहिले, आणि काढलेले भाग आम्ही पिशवीतून घरी आणले.

एवढ्यावरून अधिकृत वर्कशॉप खोटे आणि नाक्यावरचा मेकॅनिक खरा, असा निकाल कोणी काढू नये. ह्याच चालकाला चार महिन्यांपूर्वी नाक्यावरच्या एका मेकॅनिकने केबल ताणून दिली होती आणि "क्लच अजून वर्षभर जाईल" असे सांगितले होते. दोनशे रुपयांत काम झाले म्हणून तो खूष होता. तेव्हाच क्लच बदलला असता तर ऐन हप्त्याच्या आठवड्यात गाडी उभी राहिली नसती. थोडे पैसे सांगणारा प्रामाणिकच असतो, हाही एक भाबडेपणाच आहे.

तेव्हा असा कागद हाती आला तर काय करावे? घाई करू नये. प्रत्येक ओळीपुढे विचारावे : हे आज केले नाही तर काय होईल? ब्रेक आणि स्टिअरिंग ह्यांची ओळ असेल तर गाडी पुढे चालवू नये, पण दोष डोळ्यांनी दाखवावयास सांगावे. काढलेले भाग परत हवेत हे काम सुरू होण्याआधी लेखी कळवावे. आकडा मोठा असेल तर ज्याला ते काम मिळणार नाही अशा माणसाला फी देऊन तपासणी करून घ्यावी. ती फी सगळ्या बिलात स्वस्त असते. आणि शेवटी सल्लागाराला सभ्यपणे विचारावे, की ह्या ओळींपैकी कोणत्या ओळीवर आपल्याला इन्सेंटिव्ह आहे? तो उत्तर देईलच असे नाही. पण तो कोणत्या ओळीशी अडखळतो ते पाहावे.

एवढे ऐकून आमच्यावर कोणी आरोप करील, की कामगारांचा पुढारी असून तुम्ही कामगारावरच संशय घ्यावयास शिकविता. म्हणून शेवटची गोष्ट सांगतो. त्या प्रकरणानंतर काही महिन्यांनी दुसऱ्या एका वर्कशॉपातला तरुण सल्लागार आमच्या कचेरीत आला. त्याने पगाराची चिठ्ठी टेबलावर ठेवली. मूळ पगार थोडा, बाकी सगळे इन्सेंटिव्ह. त्या महिन्यात इंजिन फ्लश आणि एसीची कामे ठरल्यापेक्षा कमी विकली गेली म्हणून इन्सेंटिव्ह शून्य. तो म्हणाला, "भाऊ, गरज नसताना विकायला जीभ वळत नाही. आणि नाही विकलं तर घरभाडं निघत नाही." त्याच टेबलावर काही महिन्यांपूर्वी अठ्ठावन्न हजारांचा कागद होता. एकाच यंत्राचे ते दोन कागद होते.

तोवर आमची युनियन इन्सेंटिव्हचा दर वाढवून मागत असे. त्या दिवसानंतर आम्ही मागणी बदलली. जो गाडी तपासून दोष सांगतो त्याला पुरा मूळ पगार मिळावा, त्याच्या मोबदल्याचा विक्रीशी संबंध नसावा, आणि तपासणीची फी बिलात वेगळी व उघड लिहावी, असा ठराव आम्ही सभेपुढे ठेवला. तो अजून संमत झालेला नाही. ज्यांचा इन्सेंटिव्ह चांगला निघतो असे सभासद विरुद्ध आहेत, आणि त्यांचे म्हणणे आम्हांला समजते; हातात येणारा पैसा सोडा असे सांगणे सोपे नसते. मालकांनी तर ठराव वाचून, गिऱ्हाईकांचा पुळका युनियनला कधीपासून आला, असे विचारले.

त्यांना आम्ही आज येथून उत्तर देतो. तो टॅक्सीचालक आमचा सभासद आहे आणि तो सल्लागारही. एकाने दुसऱ्याला फसविल्यावाचून दोघांची चूल पेटली पाहिजे. पुढच्या सभेत तो ठराव आम्ही पुन्हा मांडणार आहोत.